पुंडलिकरावांची तुडवणी

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. सकाळच्या गाडीने रोह्याहून पेण. तिथून रिक्षाने गावी. धुकं दाट, खिडकीतून काहीच दिसलं नाही. हे वाटभर गप्प, पण डोळे उघडे. वन्संनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या करंदीची चटणी केली होती. मिठागरात तुडवणी चालू. हे आपणहून खाली उतरले. पाय एकदाही अडला नाही. दुपारी मांडवात झोपले. झोपेतच गेले. निलेश संध्याकाळी पोचला. हवा कोरडी, थंडी बऱ्यापैकी.

नमिताबाईंनी वहीत लिहिलं ते एवढंच, पण त्या दिवशीचं धुकं त्यांच्या मनातून पुढे कितीतरी दिवस उठलं नाही. रोह्याच्या घरात भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते मध्येच पायाशी येई, आणि त्यात बांधावर उभे असलेले पुंडलिकराव दिसत. कधी लग्नाच्या वेळचे, कधी नमिताबाईंनी न पाहिलेले, चड्डीतले, नाक पुसणारे. माणूस गेला की त्याची सगळी वयं एकदम घरात राहायला येतात की काय, असं त्यांना वाटे.

पुंडलिक मोकल हा खारेपाटातला. पेणच्या पश्चिमेला जमीन कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते हे भरती ठरवते, त्या पट्ट्यातला. घरची थोडी भातशेती आणि बांधापलीकडे मिठागराचे चार वाफे. पावसाळा सरला की मिठागर जागं व्हायचं. आतलं गढूळ पाणी काढायचं, चिखल सारखा करायचा आणि मग तो पायांनी तुडवायचा. खांद्याला खांदा लावून, ओळीने, गाण्याच्या ठेक्यावर. सगळ्यांचा उजवा पाय एकदम, मग डावा. तळ फरशीसारखा घट्ट झाला की त्यावर खारं पाणी घ्यायचं आणि उन्हात मीठ धरायची वाट बघायची. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते, आणि मातीच्या मिठाला कुणी विचारत नाही. पुंडलिक चालायला शिकला तो मुळी याच ठेक्यावर, असं त्याची थोरली बहीण धोंडुबाई सांगे.

"आईच्या कडेवरून उतरला नि सरळ ओळीत घुसला. पडायचा, उठायचा, पन पाय चुकायचा नाय."

पुढे एका वर्षी मोठ्या उधाणात खाडीकडचा बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं ते वर्षानुवर्षं निघालं नाही. तिकडे रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने उभे राहत होते. पुंडलिक रोह्याला आला, कंपनीच्या बसने शिफ्टला जाऊ लागला आणि आम्लाच्या टाक्यांवर रबरी बूट घालून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच पाय झाकून काम करतोय, असं तो म्हणायचा. पायांना काही कळतच नाही म्हणायचा, आंधळ्यासारखं वाटतं.

नमिताबाई मुंबईत वाढलेल्या. वडील गोदीत कामाला होते आणि मुलीला त्यांनी हट्टाने माझगावच्या नन्सच्या शाळेत घातलं होतं. लग्न ठरलं तेव्हा गावात बोलवा उठली की पुंडलिकाला इंग्रजी बायको मिळाली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती गावी गेली, तेव्हा बांधावर चपला घालून उभी राहिलेली ती नवी नवरी बघून ओळीतल्या बायका पदराआड हसू लागल्या. धोंडुबाईंनी कंबरेवर हात ठेवला.

"काय गो नमिते, इंग्रजी शाळेत चालायला शिकवलं काय?"

"शिकवलं ना. लेफ्ट, राइट."

"मंग उतर खाली. आमचा पन तोच अभ्यास हाय."

ती उतरली. घोट्यापर्यंत पाय गेला, आणि थंडी पायातून थेट दातांत आली. शेजारी पुंडलिक होता. तिच्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "माझ्या पायाकडं बघू नको. गाणं ऐक, पाय आपोआप येतील." दोन ओळींत ते आलेही. 'दाब दाब माती, पांढरं येईल हाती' — एवढंच गाणं. बायका ते तासन्‌तास म्हणत. काही वेळाने ते आपण म्हणतोय की कुणी दुसरं, हे कळेनासं होई, आणि खाडीवरून येणारा वारासुद्धा त्याच ठेक्यावर चालतोय असं वाटे.

निवृत्तीनंतर आजार आला, तो चोरपावलांनी. आधी वास गेला. जिताड्याचं कालवण उकळत असलं तरी त्यांना पत्ता नसे. "कंपनीत इतके वास घेतले, कोटा संपला," ते म्हणत. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली. चेहरा असा स्थिर झाला की हसले तरी समोरच्याला कळू नये. दर शनिवारी मुंबईहून पेणला येणारे मेंदूचे डॉक्टर होते. त्यांनी पुंडलिकरावांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि सांगितलं, कंपवात आहे.

नाव कंपवात, पण कंप तसा थोडाच होता. छळ होता तो पाय अडण्याचा. चालता चालता तळवे जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. विशेषतः दारात. उंबरठा दिसला की पुंडलिकराव उभेच्या उभे राहत, आणि पलीकडे नदी असल्यासारखे पलीकडे बघत राहत.

असेच एकदा ते न्हाणीच्या दारात अडले. गॅसवर भात लागत होता. ओढून चालेना, ढकलून चालेना. नमिताबाईंना काही सुचेना, तेव्हा त्यांच्या तोंडून ते गाणं आलं. टाळी वाजवून त्या म्हणाल्या, "दाब दाब माती..." आणि पुंडलिकरावांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. नदी ओलांडून ते पलीकडे गेले. भात करपला तो करपला.

तेव्हापासून घर त्या ठेक्यावर चालू लागलं. उठताना, बाहेर पडताना, देवळाच्या पायरीशी. शेजारच्या रंभाताई खिडकीतून विचारत, "मोकलांच्या घरात रोजच हळद हाय काय? आमाला आवतान नाय नि गाणी मात्र ऐकवता!" पुढच्या खेपेला नमिताबाईंनी डॉक्टरांना हे जरा लाजतच सांगितलं. ते म्हणाले, उत्तम आहे, ठेक्यावर पाय उचलतो पुष्कळांचा. चालवा त्यांना. जितकं चालतील तितकं चांगलं.

रात्री मात्र पुंडलिकराव ठेक्याशिवायही चालत. झोपेत. गाढ झोपेत त्यांचे पाय चादरीखाली उजवा-डावा, उजवा-डावा करू लागत, आणि एखादी लाथ अशी बसे की नमिताबाईंनी शेवटी आपली गादी खाली घातली. डॉक्टर म्हणाले होते, तोही आजाराचाच भाग. पण सकाळी चहा देताना त्या विचारत, "काल कुठवर तुडवलंत?" आणि पुंडलिकराव त्या बारीक झालेल्या आवाजात खरंखुरं सांगत, "कोपरा राहिला खाडीकडचा."

गोळ्यांनी कधी कधी जागेपणीही स्वप्नं आणली. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पांढऱ्या फरशीवर पसरे, तेव्हा ते खाटेवर पाय वर घेऊन बसत. "मीठ धरलंय," ते कुजबुजत. "पाय नको लावू, मोडंल." नमिताबाई पहिल्यांदा घाबरल्या होत्या. मग त्यांनी ठरवलं की नाही म्हणायचं नाही. ऊन सरेपर्यंत त्या भिंतीच्या कडेकडेने फिरत. बघता बघता त्यांनाही ती फरशी फार सुंदर वाटू लागे.

जानेवारीत धोंडुबाईंचा फोन आला. तुडवणी चालू झाली, या वर्षी बायका कमी मिळाल्यात, आणि भावाला सांग मी अजून ओळीत पुढंच असते. पुंडलिकराव फोनला कान लावून होते. नंतर त्यांनी एकच शब्द म्हटला. "ने."

निलेश, त्यांचा मुलगा, पेणला राहायचा आणि डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर सुपरवायझर होता. तो म्हणाला, "रविवारी नेतो ना, गाडी करून. शिफ्ट बदलून मिळत नाय या आठवड्यात. थंडी पन हाय." पुंडलिकराव भिंतीकडे तोंड करून निजले. नमिताबाईंनी दोन दिवस ती पाठ बघितली आणि गुरुवारी सकाळी त्यांना घेऊन गाडीत बसल्या.

मिठागराशी पोचले तेव्हा धुकं इतकं होतं की ओळ दिसत नव्हती, नुसतं गाणं ऐकू येत होतं. पुंडलिकराव बांधावर थांबले. धुक्यातून आधी पाय दिसले, मग लुगडी, मग सगळ्यांच्या पुढे धोंडुबाई. सत्तरी केव्हाच ओलांडलेली बाई, पण पाय असे पडत होते की चिखल तिला घाबरत असावा.

पुंडलिकराव खाली बसले आणि चपला काढू लागले.

शेजारच्या वाफ्यांचे मालक हैबतराव बांधावर विडी ओढत उभे होते. ते पुढे आले. मिठागरवाल्यांत एक रीत आहे. तुडवणीत आजारी माणसाचा पाय पडू देत नाहीत. त्या वाफ्यात मीठ धरत नाही म्हणतात, आणि त्या माणसालाही खाडी ओढून नेते म्हणतात.

"धोंडे," हैबतराव म्हणाले, "आजारी पाय हाय. रीत मोडू नको."

ओळ थांबली. धोंडुबाईंनी भावाकडे बघितलं. तो चप्पल काढून बसला होता आणि वर बघत होता.

"माझ्या भावाचा पाय आजारी?" त्या म्हणाल्या. "ह्या तळालाच ईचारा, तो कोनाच्या पायानं घट झाला. ये रं पुंडल्या. माझ्या शेजारी."

नमिताबाईंनी त्यांची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून दिली. त्या नुसता हात धरणार होत्या, पण धरायची गरज पडली नाही. गाणं सुरू झालं आणि पुंडलिकराव चालू लागले. दारात अडणारे, खाटेवरून उठताना तीनदा बसणारे ते पाय खांद्याला खांदा लावून गेले आणि धुक्यात शिरले. नमिताबाईंना फक्त ठेका ऐकू येत राहिला. त्यात त्यांचा पाय कुठला आणि इतरांचा कुठला, हे वेगळं काढता येईना. मग ओळ वळली, धुकं फाटलं आणि ते परत येताना दिसले. चेहरा हलत होता. चक्क हसत होते ते, समोरच्याला कळेल असं. चार वेळा गेले, चार वेळा आले. खाडीकडचा कोपराही झाला.

"भाकरी दे गो," ते बांधावर येऊन म्हणाले, आणि आवाज इतका मोठा होता की दोन बायकांनी मान वळवली.

दोन भाकऱ्या खाऊन ते झावळ्यांच्या मांडवात आडवे झाले. नमिताबाई जवळ बसून होत्या. धुकं उठलं होतं, ओला तळ उन्हात चमकत होता आणि दूर बायका भांडत-हसत जेवत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. झोपेत पाय हलत नव्हते. किती दिवसांनी शांत झोपलेत, असं त्यांना वाटलं, आणि त्या बऱ्याच वेळ त्या शांततेशेजारी सुखाने बसून राहिल्या. गोळीची वेळ झाली तेव्हा त्यांनी हाक मारली, खांद्याला हात लावला. मग हात तसाच ठेवला.

गावातल्या डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून दिलं. संध्याकाळी निलेश कारखान्याच्या बुटांतच आला. बापाच्या पायांना चिखल लागलेला होता, तो वाळून पांढरा झाला होता. निलेश त्या पायांकडे बघत राहिला.

"आते, तू उतरवलंस यांना?"

"व्हय," धोंडुबाई म्हणाल्या.

"कंपवाताच्या माणसाला? थंड चिखलात? डोकं ठिकाणावर हाय काय तुझं?"

"मी सांगत होतो," हैबतराव मागून म्हणाले. "सांगत होतो मी, रीत मोडू नको."

नमिताबाई म्हणाल्या, "निलेश, त्यांना इथे आणलं मी."

"तू नको बोलू आई. तुझ्या डोक्यात हिनंच भरवलं."

आयुष्यात कुणाचं उत्तर उधार न ठेवलेल्या धोंडुबाई त्या वेळी उठून बांधावरून घराकडे चालू लागल्या. तेराव्यालाही त्या पंगतीला बसल्या नाहीत. विहिरीच्या कट्ट्यावर पाठमोऱ्या बसून राहिल्या. त्यानंतर त्यांचा फोन येणं थांबलं. गावाहून कळलं ते इतकंच, की त्यांनी मिठागरात पाय ठेवलेला नाही, खाडीकडे पाठ करून बसतात, आणि ज्या वाफ्यात पुंडलिकराव उतरले होते त्यात कुणी पाणी घेतलेलं नाही. निलेशला विचारायची सोय नव्हती. आत्याचं नाव निघालं की तो उठून बाहेर जाई.

नमिताबाईंना नवरा गेल्याचं दुःख होतं. पण त्या दुःखाशी बोलता येई, ते धुक्यातून येऊन शेजारी बसे. हे दुसरं तसं नव्हतं. पुंडलिक नावाच्या माणसाला त्याच्या पहिल्या पावलापासून ओळखणारी जगात एकच बाई उरली होती, आणि ती आपल्या अंगणात, मीच भावाला मारलं असं समजून बसली होती. आणि नमिताबाईंना तरी पक्कं कुठे माहीत होतं? पहाटे जाग आली की त्यांनाही तो थंड चिखल दिसे. उतरू दिलं नसतं तर?

फेब्रुवारीत एका शनिवारी उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून त्या पेणला गेल्या. कुणा गरजूला उपयोगी पडतील, डॉक्टरांकडे देऊन येऊ, असं त्यांनी निलेशला सांगितलं. त्याला सुट्टी होती. स्कूटरवरून तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि बाहेर थांबतो म्हणाला. "आत ये," त्या म्हणाल्या. "मला एकटीला ऐकायला कमी येतं." त्यांना स्वच्छ ऐकू येत असे.

डॉक्टरांनी गोळ्या घेतल्या, हात जोडले, कसं झालं ते विचारलं. नमिताबाईंनी सगळं सांगितलं. गाणं, ओळ, भाकऱ्या, झोप. ऐकता ऐकता निलेशच्याने राहवेना.

"डॉक्टर, ते चिखलात उतरले नसते तर वाचले असते ना?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

असं उत्तर दवाखान्यात मिळतं हे निलेशला ठाऊक नसावं.

"खरंच माहीत नाही. कंपवाताची काही माणसं अशी अचानक जातात. फार नाहीत, पण जातात. आदल्या दिवशी बरी असतात, त्या दिवशीही बरी असतात. कुणी झोपेत, कुणी खुर्चीत बसल्या बसल्या. नंतर तपासलं तरी पुष्कळदा कारण हाती लागत नाही. आमचा अंदाज असा, की हा आजार हातापायांपुरता राहत नाही. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसांपर्यंतही पोचतो. पण तो अंदाज आहे."

"पण त्या दिवशी एवढी मेहनत..."

"चालवा त्यांना, हे तर मीच सांगत होतो. दर खेपेला. आईंना विचारा. मेहनतीने गेले असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. घरी पलंगावर असते तरी हे होऊ शकलं असतं. झालंच असतं, असंही मी म्हणत नाही."

बाहेर आल्यावर निलेश स्कूटरशी उभा राहिला. किल्ली हातात होती, पण तो ती शोधत असल्यासारखा खिसे चाचपत होता.

"म्हंजे कोनीच नाय?" तो म्हणाला.

"कुणीच नाही."

"मी रविवारी नेतो म्हणालेलो, आई."

"म्हणाला होतास."

"एक दिवस सुट्टी टाकली असती तर मी असतो तिथं."

नमिताबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कारखान्याच्या उष्णतेने काळवंडलेला, बापाहून रुंद खांदा. "तू नेलं असतंस ना," त्या म्हणाल्या, "तर त्यांना चिखलात तूच उतरवलं असतंस. त्यांनी तुझं ऐकलंच नसतं. आणि आज आत्याच्या जागी तू बसला असतास, खाडीकडे पाठ करून."

निलेशने डोळे पुसले नाहीत, नुसता नाकाने मोठा आवाज केला. स्कूटर सुरू केली. स्टेशनकडे जायचा रस्ता उजवीकडे होता. तो डावीकडे वळला, गावाच्या रस्त्याला.

अमावास्येचं उधाण नुकतंच होऊन गेलं होतं. मिठागरातलं साठवणीचं तळं काठोकाठ भरलं होतं, आणि बाकीच्या वाफ्यांत पाणी असं स्थिर उभं होतं की आभाळ खाली उतरून विश्रांती घेत असावं. मधला एकच वाफा कोरडा होता. धोंडुबाई अंगणात सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली नाही.

"कोन हाय?"

"मी, आते."

"कंपनीला सुट्टी हाय काय?"

"हाय."

"मंग झोपायचंस घरी."

निलेश उन्हातच उकिडवा बसला. नमिताबाई पायरीवर टेकल्या.

"डॉक्टरकडं गेलेलो," तो म्हणाला.

"काय म्हणतो? मी मारला?"

"नाय."

"मंग कोनी?"

"कोनीच नाय. त्या आजारात असं होतं कधी कधी. कशानं होतं, ते त्यांना पन ठावूक नाय."

"मुंबईवरनं येतो नि ठावूक नाय?"

"तसंच बोलले ते."

धोंडुबाईंनी एक मासळी उचलली, निरखली, बाजूला टाकली. "हैबतरावाला समदं ठावूक हाय," त्या म्हणाल्या. "त्याला बसवा म्हणावं दवाखान्यात."

निलेशला हसू फुटलं. आवरायला गेला तर ते हुंदका होऊन बाहेर आलं. धोंडुबाईंचे हात थांबले.

"रीत मी मोडली रं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मना कळत व्हतं. पन तो चपला काढून बसला व्हता ना गो नमिते. लहान असताना बसायचा तसा. मी नाय म्हणाले असते, तर तो तसाच बसून राहिला असता."

"वन्सं, रोह्यात ते न्हाणीच्या दारात अडून राहायचे," नमिताबाई म्हणाल्या. "तिथेच गेले असते तर मी काय केलं असतं? उंबरठा फोडला असता?"

"तू? तुझ्यानं नारळ फुटत नाय."

कोंबडी अंगणातून गेली. तिकडे बांधावर कुणीतरी गडी साद घालत होता. नमिताबाई उठल्या.

"त्या वाफ्यात पाणी घ्या, वन्सं."

"हैबतराव म्हणतो, धरायचं नाय."

"नाही धरलं तर नाही धरलं. तळ त्यांनी केलाय, तो कोरडा ठेवायचा नाही. मी त्यांची बायको आहे. मी सांगते."

धोंडुबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बांधावर चपला घालून उभ्या राहिलेल्या पोरीकडे बघितलं होतं तसं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि भिंतीला टेकवलेलं फावडं निलेशच्या हातात दिलं.

तळ्याकडचं मातीचं बूच निलेशने फोडलं. पाणी आधी बोटाएवढं आलं, मग हाताएवढं. कोरड्या तळावरून ते आवाज न करता पसरत गेलं, आणि तळ एवढा घट्ट होता की पाण्यात गढूळपणाचा धागासुद्धा उठला नाही. तिघंही बांधावर उभे होते. पाणी खाडीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं तेव्हा वाफा पुरता उजळला होता. त्यात त्यांची तोंडं दिसत होती. वारा आला की हलत होती आणि पुन्हा जुळत होती. नमिताबाईंना वाटलं, आपण किती वेळ उभे आहोत कोण जाणे, आणि ते कळायची गरजही नाही.

"आते, चल रोह्याला," निलेश म्हणाला. "आईजवळ रहा चार दिवस. मी बोललो ते..."

"बोललास ते ऐकलं मी. माझे कान शाबूत हायत."

"मंग?"

"मंग काय? मासळी आत ठेव, मांजर खाईल. नि कोंबड्या झाक."

पेणहून संध्याकाळची गाडी मिळाली. धोंडुबाई खिडकीशी बसल्या आणि नागोठण्यापर्यंत समोरच्या बाईशी पापलेटच्या भावावरून भांडल्या. रोह्याच्या घरात शिरताना त्या दारात क्षणभर थांबल्या, उंबरठ्याकडे बघितलं, आणि पाय उचलून आत आल्या.

त्या रात्री नमिताबाईंनी वहीत लिहिलं: शनिवार, १० फेब्रुवारी २०२४. पेण, डॉक्टर, गाव. वाफ्यात पाणी घेतलं. वन्सं माझ्याबरोबर आल्या. रात्री पिठलं-भात केला. वन्संना तिखट कमी लागलं, वरून हिरवी मिरची दिली.